सलाईनच्या पिशवीतले जीवशास्त्र

अमेरिकेतल्या कॉलेजांत पुढे नर्स, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीलाच जीवशास्त्राचा एक प्रास्ताविक अभ्यासक्रम घ्यावा लागतो. त्याच्या प्रयोगशाळेत एक स्वस्त आणि जुना प्रयोग बहुतेक ठिकाणी असतोच. तीन परीक्षानळ्या घ्यायच्या. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत ०.९ टक्के मिठाचे पाणी, तिसरीत १० टक्के मिठाचे. प्रत्येकीत मेंढीच्या रक्ताचे काही थेंब टाकायचे आणि नळीमागे छापील कागद धरायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीतून अक्षरे वाचता येत नाहीत, कारण तरंगणाऱ्या अखंड पेशी प्रकाश अडवतात. पहिल्या नळीतला गढूळपणा मात्र बघता बघता जातो, पारदर्शक लाल द्रव उरतो आणि मागची ओळ स्वच्छ दिसते. पाणी आत शिरून लाल रक्तपेशी फुटल्या आणि त्यांच्यातले हिमोग्लोबिन बाहेर आले. तिसऱ्या नळीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी आक्रसून काटेरी झालेल्या दिसतात. विद्यार्थी वहीत हायपोटॉनिक, आयसोटॉनिक, हायपरटॉनिक असे तीन शब्द लिहितात, त्यांच्यापुढे फुगणे, तसेच राहणे आणि आक्रसणे अशी नोंद करतात, आणि पुढच्या आठवड्यात दुसरे प्रकरण सुरू होते. माझा वाद आहे तो या पुढे जाण्याच्या घाईशी. त्या तीन नळ्यांत पुढच्या अर्ध्या वैद्यकाची किल्ली आहे, आणि ती हातात पडण्याआधीच विद्यार्थ्याला पुढच्या दाराकडे ढकलले जाते.

घाईचे कारण उघड आहे. शिकवायचे फार आहे. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले तेव्हा प्रवेशासाठी पदवी आणि भौतिकी, रसायन, जीवशास्त्र यांचे ज्ञान अशी अट घातली गेली. त्या काळी अमेरिकेत पैसे भरले की वैद्यकाला प्रवेश देणाऱ्या शाळांची कमी नव्हती. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरचा अहवाल आला. त्याने अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची झडती घेतली आणि वैद्यकाआधी निदान दोन वर्षे कॉलेज आणि त्यात हे तिन्ही विषय हवेत असा आग्रह धरला. जीवशास्त्र पाया म्हणून पक्के झाले ते तेव्हापासून. पण पायात काय भरायचे, हे रुग्णालयाच्या गरजेवरून ठरले नाही. आजही अशा अभ्यासक्रमाचा आराखडा उघडला तर अणू आणि रेणू, पाणी, प्रथिने, पेशीची अंगके, पेशीपटल, श्वसन, प्रकाशसंश्लेषण, पेशीविभाजन, मेंडेल, डीएनए, उत्क्रांती, सजीवांचे वर्गीकरण आणि परिसंस्था अशी रांग दिसते. नील कॅम्पबेल यांचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक १९८७ मध्ये पहिल्यांदा निघाले. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या १४०० पानांच्या पुढे गेल्या आहेत. जीवशास्त्रात दर दशकात भर पडते, वजाबाकी कोणी करत नाही. नर्सिंगच्या वाटेवर याच्यापुढे शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र उभे असतात, म्हणून 'पुढे लागेल' या सबबीवर प्रत्येक नाव इथेच पाठ करून घेतले जाते.

या ओझ्याचा परिणाम परीक्षेत दिसतो. जेनिफर मॉमसेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या ७७ प्रास्ताविक जीवशास्त्र अभ्यासक्रमांतले ९,७१३ प्रश्न तपासले. त्यातले ९३ टक्के प्रश्न आठवण आणि साधे आकलन या सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवरचे निघाले. प्राध्यापक वर्गात काय बोलतात, अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर कोणती उद्दिष्टे छापलेली असतात, हे विद्यार्थी मनावर घेत नाहीत. पेपरात काय येते ते घेतात. 'तंतुकणिकेचे कार्य सांगा' असा प्रश्न येणार असेल तर एक ओळ पाठ होते, आणि तंतुकणिका बंद पडली तर आधी कोणती ऊती कोलमडेल, हा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की भावी आरोग्यसेवकाच्या पहिल्या जीवशास्त्राचे मोजमाप वेगळे हवे. शरीरातली एखादी गोष्ट बदलली तर पुढे काय होईल, हे विद्यार्थ्याला कारणासकट सांगता आले पाहिजे. त्यासाठी मोजकी तत्त्वे खोलवर शिकवावीत आणि त्या बदल्यात बरीच नावे सोडून द्यावीत. हे म्हणणे नवे नाही. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने हॉवर्ड ह्यूज संस्थेबरोबर २००९ मध्ये काढलेल्या अहवालातही, विद्यार्थ्याने कोणते विषय घेतले यापेक्षा त्याला काय करता येते ते पाहा, असा सूर होता. पण सूर लावणे सोपे असते. एखादे तत्त्व खोलवर कळल्याने रुग्णाच्या खाटेपाशी नेमका काय फरक पडतो, ते दाखवायला हवे. त्यासाठी पुन्हा मिठाच्या पाण्याकडेच येऊ.

पेशीपटलातून पाणी सहज ये-जा करते, मीठ करत नाही. पेशीबाहेर सोडिअम भरपूर असतो, लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल. आत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पोटॅशिअमचे नेमके उलटे: आत सुमारे १४०, बाहेर ३.५ ते ५. ही तफावत आपोआप टिकत नाही. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना जो पंप दाखवला, तो तीन सोडिअम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आत घेतो, आणि त्यासाठी सतत ऊर्जा खर्च करतो. चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना याबद्दल नोबेल मिळाले. या पंपाने उंचावर पाणी साठवावे तसा सोडिअम बाहेर साठवून ठेवलेला असतो, आणि उताराने आत येताना त्याच्याकडून दुसरी कामे करून घेता येतात. आतड्याच्या पेशी त्याच्या जोरावर ग्लुकोज आत ओढून घेतात. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या एका परिषदेत ही कल्पना मांडली: ग्लुकोज आणि सोडिअम एकाच वाहकातून जोडीने आत येतात. तेव्हा ती निव्वळ पेशीजीवशास्त्राची गोष्ट होती. पटकीच्या रुग्णाशी तिचे नाते जुळायला आणखी काही वर्षे गेली.

पटकीत माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गेल्याने. पण तोंडाने नुसते पाणी दिले तर ते आतड्यात थांबत नाही, आणि नुसते मीठ-पाणी दिले तरी जुलाब थांबत नाहीत, कारण जंतूच्या विषाने आतड्याच्या पेशी क्षार बाहेर फेकत असतात. क्रेनचा वाहक मात्र या विषाने बिघडत नाही. म्हणजे मिठाला ग्लुकोजची सोबत दिली तर सोडिअम आत जाईल, आणि त्याच्या मागोमाग पाणी. डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्यात रुग्णांवर हे दाखवून दिले. मग १९७१ आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली आणि बनगावच्या रुग्णालयात शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबिस यांनी कोलकात्यात पुड्या भरून घेतल्या: लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. ते पाणी पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिले. एरवी ३० टक्क्यांच्या आसपास जाणारे मृत्यूचे प्रमाण तिथे ३.६ टक्क्यांवर आले. आपल्याकडे जलसंजीवनीची पुडी आता गावातल्या औषधाच्या दुकानात मिळते आणि म्हणूनच तिच्यातली कल्पकता नजरेतून सुटते. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पुडीत ग्लुकोज ७५ आणि सोडिअम ७५ मिलिमोल आहे, एकूण विरघळलेले कण २४५ मिलिऑस्मोल. जुनी पुडी ३११ ची होती. आकडा खाली का आणला, हे प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या नळीला विचारावे. आतड्यातले पाणी रक्तापेक्षा दाट झाले तर तेच शरीरातले पाणी ओढून घेते. पोरगे नको म्हणते म्हणून पुडीत दोन चमचे साखर वाढवणारी आई किंवा जुलाबावर थंड पेयाची बाटली देणारा बाप हीच चूक करतो. पुडीची घटकसूची पाठ असलेली नर्स त्यांना 'असे करू नका' एवढे सांगेल. जिला ते कारण ठाऊक आहे ती पुडी संपली तर घरच्या मीठ-साखरेचे प्रमाण का आणि किती सांभाळायचे तेही सांगेल. जाता जाता सांगायला हवे की मधुमेहावर आज सर्रास दिली जाणारी 'ग्लिफ्लोझिन' औषधे याच वाहकाच्या मूत्रपिंडातल्या भावंडाला अडवतात आणि साखर लघवीवाटे जाऊ देतात. एक तत्त्व दोन ठिकाणी कामाला येते, आणि दुसऱ्या वेळी ते नव्याने शिकावे लागत नाही.

ही झाली यशाची गोष्ट. माझ्या मते त्याहून बोलकी गोष्ट एका चांगल्या सूत्राच्या अपयशाची आहे. माल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर यांनी १९५७ मध्ये आजारी मुलाला शिरेतून रोज किती द्रव द्यावा याचे सोपे गणित दिले: वजनाच्या पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५०, त्यापुढे २०. हे गणित जगभरच्या निवासी डॉक्टरांना अजून तोंडपाठ असते. त्यात मीठ किती, हे त्यांनी आईच्या आणि गायीच्या दुधातल्या प्रमाणावरून ठरवले, आणि त्यामुळे द्रावण निघाले ते लिटरला जेमतेम ३० मिलिमोल सोडिअमचे, रक्ताच्या साधारण पाचव्या हिश्शाचे. पिशवीत त्याच्या जोडीला ४ टक्के ग्लुकोज असायचे. आता कणांची बेरीज करू. ०.१८ टक्के मिठाचे ६२ आणि ग्लुकोजचे २२२, म्हणजे २८४ मिलिऑस्मोल. रक्ताचा आकडा २७५ ते २९५. कागदावर पिशवी रक्ताशी तंतोतंत जुळते. दुसऱ्या नळीसारखी, निर्धोक. पण ग्लुकोज पेशी आत घेतात आणि वापरून टाकतात. मीठ बाहेर राहते, कारण पंप त्याला बाहेर ठेवतो. थोड्या वेळाने शिरेत उरते ते बरेचसे पाणीच. निरोगी मूल ते जादा पाणी लघवीवाटे काढून टाकते. शस्त्रक्रिया झालेले, उलट्या करणारे, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वराचे मूल काढत नाही, कारण वेदना आणि आजार यांनी पाणी धरून ठेवणारे संप्रेरक, वासोप्रेसिन, वाढलेले असते. रक्तातला सोडिअम उतरतो, पाणी पेशींत शिरते, आणि मेंदूच्या पेशींना फुगायला कवटीत जागा नसते. झटके येतात, आणि काही मुले दगावली.

मायकल मॉरिट्झ आणि कार्लोस आयुस यांनी २००३ मध्ये हे धोरणच बदला असे ठणकावून लिहिले. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००७ मध्ये मुलांच्या सर्वसाधारण विभागांतून ०.१८ टक्क्यांची पिशवी हलवायला सांगितले. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये, २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांना रक्ताइतक्याच सोडिअमचे द्रावण द्यावे अशी शिफारस केली. सूत्रापासून या शिफारशीपर्यंत एकसष्ट वर्षे गेली. या काळात कोणाला गणित येत नव्हते असे नाही. कमी पडले ते त्या गणितामागचे प्रश्न विचारणे: हे ग्लुकोज पुढे कुठे जाते? मूत्रपिंड आज नेहमीसारखे वागेल का? हे दोन्ही प्रश्न पहिल्या सत्राच्या जीवशास्त्रातले आहेत. पेशीपटल, पंप, ग्लुकोजचा वापर, संप्रेरकाचा प्रतिसाद. त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. रुग्ण वाचतो तो नियमांनी, कर्मचाऱ्याच्या समजेने नव्हे. दाट पोटॅशिअम क्लोराईडची कुपी हे त्याचे उत्तम उदाहरण. ते थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. आतबाहेरची पोटॅशिअमची तफावत कोसळली की हृदयाचे स्नायू तालात आकुंचन पावूच शकत नाहीत. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ मध्ये गंभीर घटनांविषयीचे इशारे काढायला सुरुवात केली, तेव्हा पहिलाच इशारा याच कुपीचा होता. उपाय काय निघाला? नर्सना पुन्हा शरीरक्रियाशास्त्र शिकवणे हा निघाला नाही. कुप्या वॉर्डातून उचलून औषधालयात ठेवल्या गेल्या. थकलेल्या माणसाला रात्री तीन वाजता तत्त्वे आठवत नाहीत, हे मान्यच आहे, आणि यंत्रणेने त्यावर भिस्त ठेवूही नये. पण नियम कोणी तरी लिहितो, आणि तो ज्या रुग्णाला लागू पडत नाही तो रुग्ण पहिल्यांदा नियम लिहिणाऱ्याला दिसत नाही, खाटेपाशी उभे असलेल्याला दिसतो. हॉलिडे-सेगर हाही नियमच होता, आणि तोही विचारपूर्वक केलेला. सकाळपासून लघवी कमी, मूल जास्तच पेंगते आहे, डोके दुखते म्हणते, आणि पिशवी चालू आहे: ही चार निरीक्षणे एका साखळीत ओवणारी नर्स नसेल तर नियम चुकल्याचे कळायला आणखी काही तास जातात. नियम आणि समज यांत भांडण लावण्याचे कारणच नाही. नियम रोजच्या कामासाठी, समज नियमाच्या काठावर उभ्या असलेल्या रुग्णासाठी.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे. आधी नावे, मग विचार; वर्णमाला न शिकता वाचन कसे होणार? दिसायला पटणारा, पण तपासला तर डळमळणारा. यूटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात प्रास्ताविक जीवशास्त्राच्याच वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सत्रभर आठवणीचे प्रश्न, दुसऱ्याला उपयोजनाचे आणि विश्लेषणाचे. शेवटच्या परीक्षेत दुसरा गट अवघड प्रश्नांत पुढे राहिला हे अपेक्षितच. पण साध्या आठवणीच्या प्रश्नांतही तोच पुढे राहिला. विचार करताना नावे वापरावी लागतात आणि वापरलेले नाव टिकते. कॅनडातल्या निकोल वूड्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वैद्यकाच्या बाजूने असाच प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना आजारांच्या लक्षणांच्या याद्या दिल्या, काहींना तीच लक्षणे का होतात ते सांगितले. लगेच घेतलेल्या चाचणीत दोघे सारखे. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत यादीवाले घसरले, कारण कळलेले टिकून राहिले. यात मेख अशी की शिक्षक बहुतेकदा लगेचची चाचणीच घेतो, आणि तिथे दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या दिसतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या मूलभूत विज्ञानाच्या स्मरणावरचे अभ्यास एकत्र करून उजीन कुस्टर्स यांनी २०१० मध्ये मांडले की वर्षभराने साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश राहते आणि त्याच्या पुढच्या वर्षी निम्म्याच्याही किंचित खाली येते. म्हणजे गळती होणारच आहे. गळून काय जावे आणि काय उरावे, एवढेच आपल्या हाती आहे.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. एवढे खाटेपाशी चाललात तर मग उत्क्रांती, वनस्पती, परिसंस्था सगळे काढून टाका. नर्सला शेवाळाचे काय? शेवाळाबाबत मी फारसा भांडणार नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचे आठवडे आणि प्रकाशसंश्लेषणातले एकेक विकर भावी नर्सच्या पहिल्या सत्रातून गेले तर मला हळहळ वाटणार नाही; जीवशास्त्राच्याच पदवीला बसणाऱ्याचा हिशेब वेगळा. उत्क्रांतीचे मात्र तसे नाही. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्ये त्याच्या चाचणीचे निष्कर्ष दिले तेव्हाच दिसले की रुग्ण आधी सुधारतात आणि मग अनेकांतले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. फुप्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, त्यात एखादा आधीपासूनच औषधाला न जुमानणारा निघतो, आणि औषध बाकीचे मारून त्यालाच मोकळे रान देते. दोन वेगळी औषधे एकदम दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू सापडण्याची शक्यता गुणाकाराने घटते. आजही क्षयाचा उपचार चार औषधांनी सुरू होतो आणि सहा महिने चालतो, तो या गुणाकारावर. २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला न बधणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा त्या बातमीने खळबळ उडाली. अपुरे आणि चुकीचे उपचार झालेले ते रुग्ण होते. खोकला थांबल्यावर गोळ्या बंद करणाऱ्या माणसाशी बोलायचे काम दवाखान्यातल्या नर्सचे किंवा आशाताईंचे असते. 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य त्याने शंभरदा ऐकलेले असते. निवड कशी होते हे कळलेली व्यक्ती त्याला निदान एक नवे वाक्य सांगू शकते: राहिलेत ते जंतू आधीच्यांपेक्षा चिवट आहेत.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. असे प्रश्न विचारले तर कच्ची शाळा करून आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी मुले नापास होतील. पाठांतर निदान कष्टाला दाद देते. अमेरिकेत हा अभ्यासक्रम आधीच गाळणी म्हणून कुप्रसिद्ध आहे, नर्सिंगची स्वप्ने इथेच थांबतात. यावरचा पुरावा सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या याच अभ्यासक्रमातून आला. २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात व्याख्याने कमी करून रोजचा सराव, वर्गातच सोडवायचे प्रश्न आणि आठवड्याच्या चाचण्या अशी घट्ट बांधणी केली होती. वंचित पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांमधली आणि इतरांमधली दरी जवळपास निम्म्यावर आली. त्याच गटातल्या स्कॉट फ्रीमन यांनी २०१४ मध्ये विज्ञान-गणिताच्या २२५ अभ्यासांची बेरीज मांडली, त्यात नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत ३३.८ टक्के नापास, विद्यार्थ्यांकडून काम करून घेणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. अट एकच, आणि ती महाग आहे. अवघड प्रश्न परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा समोर टाकायचा नाही, त्याचा सराव वर्गात झालेला हवा. वर्ग जुन्या पद्धतीने आणि पेपर नव्या पद्धतीने, अशी भेसळ केली तर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरेल.

आपल्याकडे हा अभ्यासक्रम कॉलेजच्या पहिल्या वर्षात नसतो, तो अकरावी-बारावीत असतो, आणि त्याचा मालक शिक्षक नसून वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा असते. १८० प्रश्न, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण. भौतिकी-रसायनात आकडेमोड करावी लागते, म्हणून जीवशास्त्र हा 'स्कोअरिंग' विषय. लातूरपासून कोट्यापर्यंतच्या क्लासेसमध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ न् ओळ घोटून घेतली जाते. वीस लाखांच्या वर मुले बसतात तिथे यंत्राने तपासता येणारे प्रश्नच हवेत, हे खरे. मात्र यंत्राने तपासायचा म्हणजे आठवणीचाच प्रश्न, हे खरे नाही. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या परवाना परीक्षेने एप्रिल २०२३ पासून रुग्णाची हकीकत, नोंदी आणि चाचण्या समोर ठेवून निर्णय विचारणारे प्रश्न सुरू केले, आणि तेही संगणकच तपासतो. 'आयसोटॉनिक द्रावण म्हणजे काय?' याऐवजी असे विचारता येते: दोन दिवसांपूर्वी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेल्या आठ वर्षांच्या मुलाला ४ टक्के ग्लुकोज आणि ०.१८ टक्के मिठाची पिशवी चालू आहे, लघवी कमी झाली आहे. बारा तासांनी त्याच्या रक्तातला सोडिअम वाढलेला, तेवढाच की उतरलेला असेल, आणि लाल रक्तपेशींचे आकारमान कोणत्या दिशेने बदललेले असेल? पर्याय चारच पुरतात. असा एक प्रश्न तयार करायला आणि त्याचे चुकीचे पर्याय खरोखर फसवे आहेत का ते पारखायला प्राध्यापकाचा एक दिवस जातो, व्याख्येचे दहा प्रश्न तेवढ्याच वेळात चहा पिता पिता होतात. २०१० च्या त्या ९३ टक्क्यांचे बरेचसे कारण या एका दिवसात असावे असा माझा कयास आहे, आणि तसे असेल तर आधी तो दिवस प्राध्यापकाला पगारी मोकळा करून द्यायला हवा.